रुमालाखाली

वाशीच्या फळबाजारात माझा आवाज
चार गाळे पलीकडे ऐकू जातो.
पहाटे पेट्या उतरतात तेव्हापासून मी बोलतोय,
हमालाशी, ड्रायव्हरशी,
फोनवर देवगडच्या बागायतदाराशी.
फक्त सौद्याला गप्प.
दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा
आणि आत बोटं दाबायची.
किती बोटं, कुठलं पेर,
बाहेरच्याला काही कळत नाही.

चैत्राली अडीच वर्षांची झाली
तेव्हा तिच्यापाशी शब्द दोनच.
एक ‘आ’, दुसरा माझं बोट.
बोट धरून फ्रिजपाशी न्यायची,
बोट धरून दारापाशी.
मी भाव ओळखून
मागायच्या आत देऊन टाकायचो.

आत्या म्हणाली, वेखंड उगाळून लाव मधातून.
थोरला म्हणाला, मी पाचव्या वर्षी बोललो,
आज कोर्टात मला कुणी गप्प करून दाखवावं.
सगळे म्हणाले, थांब जरा. पिकेल आपोआप.

मी आंब्यातला माणूस.
आपोआप काय पिकतं ते मला विचारा.
पावडरीची घाई बघितली आहे,
वरून पिवळा, आत आंबट दगड.
आणि अढी लावून विसरलेली खोलीही बघितली आहे.
पेंढ्यात रोज हात घालावा लागतो,
फळ उलटावं लागतं,
कोपऱ्यातलं कुठलं गार राहिलं ते चाचपावं लागतं.
आंब्याबद्दल हे मला विसाव्या वर्षी ठाऊक होतं.
मुलीबद्दल पाळणाघराच्या रोहिणीताईंनी सांगेपर्यंत
आठ महिने गेले.

नेरूळला, झेरॉक्सच्या दुकानावर, पहिला मजला.
आधी कान तपासले. कान ठीक.
ठीक म्हणाले म्हणून सुवर्णा तिथेच रडली.
देवस्थळी मॅडमनी विचारलं,
दिवसातून किती वेळा ती काही सांगू बघते?
म्हटलं, बोलतच नाही हो.
बोलते नव्हे. सांगते.
हजार पेट्यांचा हिशेब तोंडपाठ असलेला मी,
हे कधी मोजलं नव्हतं.

मग माझीच शिकवणी लागली.
खाली बसा, तिच्या डोळ्यांच्या उंचीला.
‘बोल ना, बोल’ बंद.
जेवताना मोबाइल बंद, तुमचासुद्धा.
ती बघेल त्याचं नाव घ्या, एकदाच,
आणि थांबा. मनात दहा आकडे मोजा.

दहा!
दहा आकड्यांत बाजारात पेटी तीन हात बदलते.
पहिले दोन आठवडे मी चारच्या पुढे गेलो नाही.
तोंडच उघडायचं माझं.
सुवर्णा टेबलाखालून लाथ मारायची.

एक वही केली आहे, अडत्याची लाल वही.
साबणाचे फुगे: फू.
मांजर: म्या. हा श्रावणात हरवला, दिवाळीत परत आला.
पापा म्हणजे पापड, मी नव्हे.
कितीतरी पानांवर नुसती तारीख.
रविवारी तिला रुमालाचा खेळ शिकवला,
तो वहीत लिहू की नको कळेना.
मॅडम म्हणाल्या, लिहा.

काल यंदाची पहिली पेटी फोडली.
एकच फोड दिली तिला, ताटली माझ्याकडे ठेवली.
थोडं द्यायचं, मागायला जागा ठेवायची.
तिनं माझ्या खांद्यावरचा रुमाल ओढला,
हातांवर टाकला,
आत माझी तीन बोटं धरली. जोरात.
भाव मला कळला होता.
तरी दिलं नाही. मोजत बसलो.
चार.
पाच. ओट्यापाशी सुवर्णानं नळ बंद केला.
सहा. चैत्रालीनं रुमालाकडे बघितलं,
मग माझ्या तोंडाकडे.
सात
‘अजू.’

उरलेले तीन आकडे
मी मोजलेच नाहीत.
आंब्याच्या रसानं रुमाल पार बरबटला,
आज तोच घेऊन बाजारात गेलो.